उजवं आवळलं, डावं आवळलं

दोन भाऊ, एक ट्रक आणि दोघांच्या मधे एक बाई. ट्रक म्हातारा होता, भाऊ बिनडोक होते आणि बाईला राग यायचा. तिचा राग रास्त होता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या गल्लीत उलटं सांगणारे पुष्कळ भेटतील.

तिला सगळे वहिनीच म्हणत. धाकटा दीर म्हणायचा म्हणून शेजारी म्हणायला लागले, मग कोपऱ्यावरचा दुकानदार, मग पोस्टमनसुद्धा. दुकानदाराने पुढे तिचं नाव बदलून 'टेलिफोन' केलं. "काय टेलिफोन, आज लाइन चालू आहे ना?" असं विचारून तो स्वतःच खो खो हसायचा. ती साबणाची वडी उचलायची, मनातल्या मनात त्याला एक शेलकी शिवी हासडायची आणि घरी यायची. घरी तरी काय, लाइन चालूच असायची.

कारण तिचा नवरा आणि दीर एकमेकांशी बोलत नसत. राहायचे एका घरात, जेवायचे एका स्वयंपाकघरात, ट्रकही एकच. एक दिवस हा चालवायचा, एक दिवस तो. संध्याकाळी ज्याच्या हातात गाडी असेल तो अंगणात तिच्याखाली पोतं अंथरून आडवा व्हायचा आणि दिवसभरात जे कुरकुरलं असेल ते दुरुस्त करायचा. पण दुसऱ्याशी अवाक्षर नाही. जे काही कळवायचं ते तिच्यामार्फत.

"सांग त्याला, फॅनबेल्ट ढिला झालाय."

"वहिनी, दादाला म्हणावं, बेल्ट नाही ढिला. पुली वाकडी आहे."

"त्याला म्हणावं, पुली मी बसवलीय. वाकडी त्याची नजर आहे."

हे सगळं दोन हातांच्या अंतरावर बसून. दोघांना दोघांचंही स्पष्ट ऐकू येत असे. तरी ती मधे नसली तर वाक्य पोचलं असं दोघेही धरत नसत. ती भात वाढता वाढता "ते म्हणतायत बेल्ट ढिला आहे" असं म्हणायची, तेव्हा कुठे धाकट्याच्या कानाचं दार उघडायचं. अशाने माणूस वेडा होतो. ती झाली नाही, यात तिचं कौतुक कोणी केलं नाही.

ट्रक सासऱ्यांचा. सासऱ्यांनी जन्मात गॅरेजची पायरी चढली नव्हती. "परक्याचा हात लागला की गाडी रुसते," असं ते म्हणायचे, आणि रुसलीच तर समजूत काढायला ते स्वतः होतेच. अंगणाचा अर्ध्याहून जास्त भाग ट्रकने खाल्लेला. भिंतीला लावलेल्या फळ्यांवर बिस्किटांच्या जुन्या डब्यांत नट, बोल्ट, वॉशर, कुठून काढलेत ते कोणालाच आठवत नाही असे स्प्रिंग. कपड्यांची दोरी तीन वेळा हलवावी लागली, तरी धुतलेल्या चादरींना ग्रीसचे डाग लागायचेच. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण माणसांच्या घरात आलोय. वर्षभरात तिला लायनर, गॅस्केट आणि बुश यांतला फरक कळायला लागला. सासू नव्हती. दीर शाळकरी होता. शाळेत मार खाऊन रडत आला की त्याचं नाक पुसायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही, आणि पुढे पुढे तिने त्याबद्दल बोलणंही सोडून दिलं. दीर होता. तो तिच्या हाताखाली वाढला आणि दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा झाला.

ती दुपारी शिलाई मशीनवर बसून ट्रकवाल्यांच्या फाटलेल्या ताडपत्र्या शिवायची. मशीन बिघडलं की तीच उघडायची, तीच तेल घालायची. त्यासाठी तिने कधी कोणाला निरोप धाडला नाही.

भावांचं भांडण झालं ते सासरे गेल्यानंतर. कारण सांगायचीसुद्धा लाज वाटावी. थोरल्याने इंजिनचं ऑइल बदललं आणि खालचा नट तिरका बसवला. बसेना तर पाना लावून जबरदस्तीने फिरवला. नटाचे आटे गेले आणि ट्रक रस्ताभर ऑइल सांडत गेला. ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या दादाला नट फिरवता येत नाही, नटाशी कुस्ती खेळता येते." सगळे हसले. थोरल्याने हातातलं ऑइलने भिजलेलं फडकं भावाच्या तोंडावर फेकलं. झालं. एवढंच. जमिनीवरून नाही, बाईवरून नाही, एका नटावरून दोन धडधाकट पुरुषांनी तोंडं शिवून घेतली.

पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, निवळेल. मग तिला वाटलं, पावसाळा संपला की निवळेल. असे कित्येक पावसाळे गेले. ती निरोप पोचवत राहिली, आणि पोचवताना त्यातल्या शिव्या गाळत राहिली. "त्या गाढवाला सांग, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नको" याचं ती "क्लच सांभाळायला सांगितलंय" करायची. दोघांनाही वाटायचं, समोरचा जरा नरमलाय. तो नरमपणा दोघांपैकी कोणाचाच नव्हता. तो तिचा होता.

मग तिला ताप आला. साधासुधा नाही, डोळे उघडवत नव्हते असा. ती पांघरूण घेऊन पडली होती आणि तिच्या खांद्याला कोणीतरी हलवत होतं. डोळे उघडले तर नवरा. तिला वाटलं, पाणी हवंय का विचारायला आलाय.

"अगं, त्याला सांग, रेडिएटरमधे पाणी कमी आहे. भरून मगच निघायला सांग."

तिने मान वळवली. दीर दारातच उभा होता. हातात पाण्याचा डबा घेऊन. त्याने ऐकलं होतं, त्याला कळलंही होतं, आणि तरी तो तिच्याकडे बघत होता. ती बोलण्याची वाट बघत होता.

ती उठून बसली. डोकं गरगरत होतं. "माझ्या तोंडाला आता कुलूप," ती म्हणाली. "तुमच्या जिभा काय गहाण पडल्यात? दोघांनी ऐका. आजपासून मी एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. गाडी जळो, नाहीतर बुडो."

"तापात बडबडतेय," नवरा म्हणाला. कोणाला म्हणाला, ते त्यालाच ठाऊक.

ताप उतरला, पण ती शब्दाला जागली. नवरा म्हणायचा, "त्याला सांग." ती म्हणायची, "नाही सांगणार." नवरा "बरं, नको सांगू," म्हणून हात धुवायला जायचा. त्याची पक्की खात्री, की ही सांगणारच. इतकी वर्षं सांगत आलीय, आता कुठे जाईल? दिराचंही तेच. दोघेही आपापलं वाक्य तिच्या पुढ्यात टाकून निर्धास्त व्हायचे आणि ती वाक्यं तिथेच पडून राहायची.

नेमकं तेव्हाच ट्रकने ब्रेकचं दुखणं काढलं. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायला लागली. थोरला संध्याकाळी पुढच्या उजव्या चाकाशी आडवा झाला. चाकाच्या मागच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून आतलं दातेरी चाक फिरवायचं, म्हणजे ब्रेक आवळला जातो. त्याने उजवा आवळला. धाकटा घरात नव्हता. "उजवं आवळलंय, सांग त्याला," तो म्हणाला. तिने चुलीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा गाडी घेऊन गेला तर गाडी उजवीकडे ओढायला लागली. संध्याकाळी तो डाव्या चाकाशी आडवा झाला. "वहिनी, डावं आवळलं, दादाच्या कानावर घाल." थोरला तेव्हा अड्ड्यावर गेलेला. तिने ऐकलं आणि सोडून दिलं. उजवं काय, डावं काय, तिला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. पाण्याचा डबा, फॅनबेल्ट, हॉर्न, असले शेकडो निरोप तिने वाहिले होते. हाही त्यातलाच.

पुन्हा डावीकडे. पुन्हा थोरल्याने उजवं आवळलं. पुन्हा उजवीकडे. पुन्हा धाकट्याने डावं. एकालाही असं वाटलं नाही, की एखादं चाक जरा ढिलं करून बघावं. त्या घरात ढिलं करणारं कोणी नव्हतंच, दोघेही आवळणारे. खरा रोग वेगळाच होता. उजव्या चाकाचं सील फाटून आतलं ग्रीस ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यावर, झिरपत होतं, त्यामुळे तो ब्रेक कधी धरायचा, कधी घसरायचा. चाक उघडलं असतं तर आंधळ्यालाही दिसलं असतं. पण चाक उघडायला वेळ कोणाला? दोघांनाही भावाने केलेलं काम निस्तरायची घाई.

चाकं इतकी आवळली गेली, की ब्रेक न मारताही ती घासत फिरायला लागली. गाडी जड झाली. चढावर दम टाकू लागली. थोरल्याला वाटलं, डिझेल फिल्टर तुंबलाय. त्याने फिल्टर धुतला. धाकट्याला वाटलं, इंजिनच म्हातारं झालं. रोग चाकाला आणि औषध इंजिनला. आणि दोघे स्वतःला मेकॅनिक म्हणवून घेत होते.

ती ताडपत्री शिवत होती तेव्हा मोटरसायकलवरून एक ट्रकवाला आला आणि गाडी बंद न करताच ओरडला, "वहिनी, चला लवकर! वीटभट्टीच्या उतारावर तुमच्या धाकट्याचे ब्रेक गेले."

मशीनची सुई कापडातच राहिली. त्या माणसाच्या मागे बसून ती कशी गेली ते तिला नंतर आठवेना. वाटेत तिच्या डोक्यात दोन वाक्यं एकमेकांना टेकून उभी राहिली. उजवं आवळलं. डावं आवळलं. ती दोन्ही फक्त तिलाच माहीत होती. भरल्या विटांसकट ती गाडी चाकं आवळून उताराला लागली होती, आणि हे तिला एका वाक्यात थांबवता आलं असतं.

ट्रक रस्त्याकडेच्या मातीच्या बांधाला रेलून उभा होता. एका अंगाचा पत्रा सोलल्यासारखा निघाला होता, विटांचा सडा पडला होता आणि पुढच्या चाकांतून धूर येत होता. जळक्या रबराच्या वासाने घसा धरत होता. दीर रस्त्याच्या कडेला बसला होता, डावा हात छातीशी धरून. जिवंत. तिने त्याचं डोकं चाचपलं, मान चाचपली, बरगड्या चाचपल्या. मग त्याच्या सणसणीत थोबाडीत दिली. जमलेले ट्रकवाले बघतच राहिले.

"वहिनी, पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही," तो लहान मुलासारखा म्हणाला. "गियर टाकत टाकत आणली. मग बांधाला घासली. दुसरं काही सुचलं नाही."

तेवढ्यात थोरला आला. धावत आला होता, चेहरा पांढराफटक. त्याने भावाचा हात पाहिला, रक्त पाहिलं. ओठ हलले. आणि तो बायकोकडे वळून म्हणाला,

"विचार त्याला, फार लागलंय का."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मी विचारू? मी?" ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की उतारावरून येणारा सायकलवाला थांबला. "तो मेला असता म्हणजे? तेव्हाही मलाच पुढे केलं असतं? सांग त्याला, खांदा द्यायला आलोय म्हणून? लाज वाटत नाही? तुमचा भाऊ आहे तो! माझा नाही, तुमचा!"

थोरला खाली बघत राहिला. तेव्हाही तो भावाशी बोलला नाही. अर्धी वीट पायाने बाजूला सारली, एवढंच त्याने केलं.

दिराच्या हाताचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात आला. पुढचे कितीतरी दिवस ती गप्प होती आणि त्या गप्प राहण्यात राग जेवढा होता तेवढीच भीतीही होती. आपण सांगितलं असतं तर, हे तिच्या मनातून जात नव्हतं. भांडी घासताना तिचे हात थांबायचे. रडू यायचं आणि रडू आल्याचाही राग यायचा.

ट्रक ओढत अंगणात आणला. तेव्हा कुठे थोरल्याने चाकं उघडली आणि ते फाटलेलं सील, ग्रीसने माखलेला लायनर, घासून तापून निळसर पडलेला ड्रम, त्या धगीने उकळून निकामी झालेलं ब्रेक ऑइल, सगळं बाहेर निघालं. त्याने नवीन सील घातलं, नवीन लायनर बसवले, ब्रेक ऑइल बदललं. आता ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती, आणि ते एकट्याचं काम नाही. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी नट उघडून हवा सोडायची आणि पेडल सुटायच्या आत नट बंद करायचा. वेळ चुकली की हवा पुन्हा आत.

"जरा पेडल दाबायला ये गं," नवऱ्याने हाक मारली.

"येणार नाही."

त्याने पेडलवर दगड ठेवून पाहिला. दगड घसरला. लाकडाचा ठोकळा अडकवून पाहिला. ठोकळा उडाला आणि ऑइल त्याच्या डोळ्यांत गेलं. ती खिडकीतून बघत होती. तिला हसू आलं नाही.

मग मागच्या खोलीतून दीर आला, गळ्यात हात घेऊन. कोणी बोलावलं नव्हतं. एका हाताने धडपडत तो वर चढला आणि सीटवर बसला. थोरल्याने खालून नट उघडला, पण त्याच वेळी धाकट्याने पाय उचलला. हवा आत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कोणी काही बोलेना आणि हवा काही निघेना. शेवटी खालून आवाज आला, घोगरा, कोणालाच उद्देशून नसल्यासारखा.

"दाब."

वरचा पाय जागचा हलला नाही.

"दाब म्हटलं ना!"

"दाबलंय."

"धर. धरून ठेव. सोडू नको, सोडू नको... हां. सोड."

चौथ्या चाकापर्यंत ते चांगलेच बोलायला लागले होते. "अजून फुगे येतायत का रे?" "वरून पेडल कडक लागतंय दादा." खिडकीशी तिचा हात तोंडावर गेला. दादा. इतक्या वर्षांनी. तिचे डोळे भरून आले आणि तिला वाटलं, झालं ते झालं, सुटलो आपण सगळे.

"उजवं मी आवळत होतो," खालून थोरला म्हणाला.

"आणि डावं मी."

थोरल्याने शेवटचा नट आवळला.

"तिने सांगायला हवं होतं."

"हो ना दादा. वहिनीला दोन्ही ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तर माझा हात वाचला असता."

"बायकांचा राग. दुसरं काय."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. इतकी वर्षं न बोललेल्या दोन भावांचं पहिलं एकमत झालं, ते तिच्या चुकीवर. जे वाक्य ती स्वतःला रोज ऐकवत होती, ते त्यांच्या तोंडून ऐकताना तिला कळलं, की ते तिच्या वाट्याचं नव्हतंच. ज्यांनी चाकं आवळली त्यांचं होतं. इतके दिवस ते ओझं फुकट वाहिलं. ती तरातरा अंगणात गेली, धाकट्याच्या गुडघ्यावरून हात घालून ट्रकची किल्ली ओढून काढली आणि मुठीत धरली.

"ऐकलं मी सगळं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता आणि त्यानेच दोघे जास्त घाबरले. "माझ्या तापात मला उठवणारे तुम्ही. फाटलेलं सील न बघता आवळत सुटणारे तुम्ही. हाड मोडलं तरी तोंड न उघडणारे तुम्ही. आणि चूक माझी? बरं. आता ही किल्ली माझ्याकडे. ज्याला गाडी हवी त्याने रोज सकाळी दुसऱ्याला समोर उभं करायचं आणि गाडीचं काय दुखतंय ते त्याच्या तोंडावर बोलायचं. मी ऐकेन. मधे बोलणार नाही."

"अगं पण..." थोरला ट्रकखालून डोकं काढत म्हणाला.

"मला नाही. त्याला."

दिराचा हात बरा व्हायला वेळ होता, तोवर गाडी थोरलाच नेणार होता. पण तिने सूट दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना अंगणात उभं केलं. धाकटा झोपेतून उठून आलेला, केस विस्कटलेले. थोरल्याने घसा खाकरला आणि सवयीने बायकोकडे तोंड केलं. ती हलली नाही. त्याने ट्रककडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, मग नाइलाजाने भावाकडे पाहिलं.

"ब्रेक ठीक आहे," तो म्हणाला. "क्लच जरा उशिरा पकडतोय. तू घेऊन जाशील तेव्हा... चढावर सांभाळ."

धाकट्याने नुसती मान हलवली.

"मान नको," ती म्हणाली. "तोंडाने."

"सांभाळीन, दादा."

तिने किल्ली नवऱ्याच्या हातावर आपटली आणि ती आत गेली. ट्रक सुरू झाला, फाटकातून बाहेर पडला. ती मशीनवर बसली आणि ताडपत्री पुढे ओढली. एकमेकांशी बोलले, ते ठीक. पण दोघांपैकी एकानेही अजून तिला 'आमचं चुकलं' असं म्हटलेलं नव्हतं, आणि ते ऐकल्याशिवाय ती ही गोष्ट सोडणार नव्हती.